पक्की सोडून कच्ची: एका राजीनाम्याचा हिशेब

सालगडी ठेवताना दोन गोष्टी आधी बोलून घेतात. साल कधी फिरणार, आणि मध्येच सुटलं तर हिशेब कसा करायचा. साल कुठे गुढीपाडव्याला फिरतं, कुठे अक्षय तृतीयेला. त्या दिवशी गडी मोकळा आणि मालकही मोकळा. पटलं तर पुन्हा एक साल, नाही पटलं तर दुसरं घर. आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यात मुदतीची नोकरी ही अशी जुनी गोष्ट आहे. तरीही घरातला मुलगा पक्की नोकरी सोडून अकरा महिन्यांच्या करारावर जातो म्हणाला, की घरात सुतक पडल्यासारखं होतं. माझी आई म्हणाली होती, “पक्की सोडून कच्ची कायले धरतं, बाबू?”

तिला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आज देता येईल असं वाटतं, म्हणून हा लेख. कुणी नोकरी सोडावी असं मला सांगायचं नाही. ज्यानं मनाशी ठरवलंच आहे, त्यानं ती कोणत्या क्रमानं सोडावी आणि कोणता कागद कधी हातात घ्यावा, एवढंच सांगायचं आहे.

माझं गाव लालबर्रा. बालाघाट–सिवनी रस्त्यावरचं तालुक्याचं ठिकाण, चहूबाजूंनी धानाची शेती. कागदावर मध्य प्रदेश, पण १९५६पर्यंत आमचीही राजधानी नागपूर होती, आणि रोजगाराच्या हिशेबात ती अजून हलली नाही. मीही फेब्रुवारी २०१५मध्ये नागपूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत, एका खासगी कंपनीच्या डिस्पॅच विभागात लागलो. आई, बायको आणि मुलगी लालबर्ऱ्याला. मी नागपुरात खोली करून, पंधरा दिवसांनी घरी. शेवटची तीन वर्षं वाईट गेली. माल कमी निघाला की चौकशी न करता माझ्याकडून लिहून घेतलं जाई. रात्री थांबलेले तास रजिस्टरवर चढत नसत. रविवारी संध्याकाळी परतीच्या बसमध्ये बसताना पोटात गोळा येई. रजेच्या दिवशी फोन वाजला की मुलगी माझ्या तोंडाकडे बघायची. मला ते फार लागत असे.

एप्रिल २०२४मध्ये जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक संस्थेनं विचारलं. आमच्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून या सुगंधी तांदळाच्या खरेदीला आणि प्रतवारीला माणसं लागतात. काम माझ्या आवडीचं होतं, घरापासून जवळ होतं. पण करार अकरा महिन्यांचा.

आता ‘पक्की’ या शब्दापासून सुरुवात करू. तुमचं जुनं नियुक्तीपत्र काढा आणि नोटिशीचं कलम वाचा. माझ्या पत्रात लिहिलं होतं, की दोन्हीपैकी कोणताही पक्ष एका महिन्याच्या नोटिशीवर ही नोकरी संपवू शकेल. म्हणजे नऊ वर्षं ज्या नोकरीला घरचे सगळे पक्की म्हणत होते, तिची लेखी खात्री एका महिन्याची होती. कामगार म्हणून कायद्याचं वेगळं संरक्षण असतं, मोठ्या कारखान्यात ते जास्त असतं, हे खरं. पण सुपरवायझर किंवा अधिकारी म्हणून नेमलेल्या माणसाला ते बहुतेक वेळा लागू होत नाही. करार वाचतानाही हीच काळजी घ्या. वर ‘११ महिन्यांकरिता’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि सातव्या-आठव्या कलमात ‘३० दिवसांच्या नोटिशीवर रद्द करता येईल’ असं असतं. अशा करारात खात्रीचे असतात ते तीस दिवस. अकरा महिने हा दोघांनी बोलून दाखवलेला इरादा. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी नोटिशीचं कलम वाचलं, तेव्हा माझी भीती अर्धी झाली. त्याआधी मी नावाला घाबरत होतो.

मात्र सगळ्या कच्च्या नोकऱ्या सारख्या नसतात. बोलताना आपण सगळ्यांनाच ‘ठेका’ म्हणतो, आणि घोटाळा इथंच होतो.

पहिला प्रकार ठराविक मुदतीच्या नोकरीचा. संस्था तुम्हाला थेट नोकर म्हणून घेते, फक्त शेवटची तारीख आधी लिहिते. मार्च २०१८मध्ये केंद्राच्या नियमांनी ही पद्धत सगळ्या उद्योगांसाठी खुली केली. त्याच कामावरच्या कायम माणसाला जे वेतन, जे कामाचे तास आणि जे भत्ते, तेच मुदतीच्या माणसाला द्यायचे, ही त्यातली अट. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि अशा माणसाला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबायची गरज उरली नाही. एका वर्षाच्या सेवेवरही ती मिळते. कच्च्या नोकरीतला हा सगळ्यात चांगला प्रकार.

दुसरा एजन्सीचा, म्हणजे खरा ठेका. काम एका कार्यालयात, पगार दुसऱ्याच नावाच्या फर्मकडून. इथे दोन नावं लक्षात ठेवायची: ठेकेदार आणि मूळ मालक. ठेकेदारानं मजुरी बुडवली, तर कायद्यानं मूळ मालकाला ती भरावी लागते, आणि पीएफची जबाबदारीही शेवटी त्याच्यावर येते. म्हणून हजेरीचा, गेटपासचा, कामाच्या आदेशाचा फोटो काढून ठेवावा. उद्या ‘हा माणूस आमच्याकडे नव्हताच’ असं कुणी म्हणालं तर तोच पुरावा. २०२३च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र शासनानं नऊ खासगी एजन्सींमार्फत पदं भरण्याचा निर्णय काढला होता; एवढा विरोध झाला की ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. विरोध करणारी पोरं का चिडली होती, ते ज्यानं एजन्सीचा पगार तीन-तीन महिने उशिरा घेतला आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा मानधनाचा किंवा सल्लागाराचा. इथे तुम्ही नोकर नसताच. दर महिन्याला बिल द्यायचं, दहा टक्के टीडीएस कापून पैसे घ्यायचे. पीएफ नाही, पगारी रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही. माझा पहिला करार याच प्रकारचा होता.

चौथा सरकारी. आमच्याकडे ‘संविदा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हाच येतो: आरोग्य मिशनमधल्या नर्सताई, पंचायतीतले ग्राम रोजगार सहायक, शाळेतले अतिथी शिक्षक. यांतही फरक आहे. जुलै २०२३मध्ये मध्य प्रदेश सरकारनं संविदा कर्मचाऱ्यांसाठी नवं धोरण आणलं. दर वर्षी करार नव्यानं करण्याची कटकट त्यात काढली आणि नियमित पदाच्या तोडीचं वेतन कबूल केलं. अतिथी शिक्षक मात्र त्यात मोडत नाहीत. त्यांची नेमणूक सत्रापुरती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचं मानधन दुप्पट करण्याची घोषणा झाली, म्हणजे वर्ग एकला १८,०००, वर्ग दोनला १४,००० आणि वर्ग तीनला १०,००० रुपये. पण उन्हाळ्यात शाळा बंद झाली की मानधनही बंद. म्हणून दहा हजारांना बारानं गुणू नका.

‘आत्ता कच्ची आहे, पण पुढेमागे पक्की होईलच’ या आशेवर पुष्कळ जण सरकारी करारावर जातात. तसं झालेलंही आहे. मध्य प्रदेशात नव्वदच्या दशकात शिक्षाकर्मी नेमले गेले. मग संविदा शाळा शिक्षक आले. २००७मध्ये त्यांचा अध्यापक संवर्ग झाला आणि १ जुलै २०१८पासून ते शिक्षण विभागाच्या नव्या संवर्गात गेले. सगळा प्रवास दोन दशकांचा, आणि त्यात किती मोर्चे, किती उपोषणं. महाराष्ट्रातला शिक्षणसेवक २०००पासून तीन वर्षं ठरीव मानधनावर राहतो आणि मग कायम होतो, पण तिथे ते योजनेतच लिहिलेलं आहे. जिथे लिहिलेलं नाही, तिथे कोर्टाचं म्हणणं काय ते माहीत असावं. १० एप्रिल २००६च्या उमादेवी खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की करारावर बरीच वर्षं काढली एवढ्यावरून कायम होण्याचा हक्क तयार होत नाही. ऑक्टोबर २०१६मध्ये पंजाबच्या जगजित सिंग प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं, की काम सारखं असेल तर हंगामी माणसालाही वेतनश्रेणीचं किमान वेतन मिळालंच पाहिजे. दोन्ही निकाल एकत्र वाचले की अर्थ साफ होतो: समान पगार मागता येतो, खुर्ची मागता येत नाही. डिसेंबर २०२४च्या जग्गो प्रकरणात, वर्षानुवर्षं कायमचंच काम हंगामी म्हणून करवून घेणाऱ्या सरकारी खात्यांना न्यायालयानं खडसावलं आणि त्या कामगारांना कायम करायला लावलं. मला त्या निकालाचं मोल वाटतं. पण तो मिळण्याआधी त्या माणसांची उमेदीची वर्षं गेली होती. पक्की होण्याची आशा मनात असू द्या, हिशेबात धरू नका.

हिशेब कसा करायचा ते माझ्याच आकड्यांवरून दाखवतो.

नागपुरात माझा एकूण पगार २८,००० होता. त्यातून पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० जाऊन हातात २६,००० येत. नवं मानधन ३२,०००. घरी सगळ्यांनी लगेच सहा हजारांची वाढ धरली. वाढ नव्हतीच. कायम नोकरीत न दिसणारे पैसे तीन ठिकाणी असतात. कंपनी तिच्या बाजूनं पीएफमध्ये १,८०० घाली. ग्रॅच्युइटी महिन्यागणिक साठत जाते, ती मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ४.८१ टक्के पडते; माझ्या १८,०००वर साधारण ८६५. आणि कंपनीची आरोग्य पॉलिसी: तशीच चौघांची पॉलिसी मी बाहेर घेतली तेव्हा वर्षाला २१,००० भरावे लागले, म्हणजे महिन्याला १,७५०. तिन्ही मिळवून २८,०००चे ३२,४१५ होतात. करार अकरा महिन्यांचा, म्हणून ३२,०००ला अकरानं गुणून बारानं भागायचं, येतात २९,३३३. महिन्याला ३,०८२ रुपयांची वाढ नाही, घट होती.

पण माझी खोली ४,५००ची होती, मेसला ३,५०० जात आणि बसला १,२००. ते ९,२०० वाचणार होते. घरी एक माणूस वाढला म्हणून किराणा थोडा वाढला, तरी शेवटी पैसा उरतच होता. हा जमेचा रकाना प्रत्येकाचा वेगळा. गावातून गावातच नोकरी बदलणाऱ्याला तो मिळणार नाही. आपला आपण मांडा, शेजाऱ्याचा उतरवून घेऊ नका. आणि मांडताना बायकोला शेजारी बसवा, कारण घराचा खरा खर्च तिलाच माहीत असतो. आमच्या घराला महिन्याला पंधरा हजार लागतात हे मला तिनं सांगितलं. माझा अंदाज अकराचा होता.

त्या पंधरा हजारांवरून पुढची गोष्ट ठरते. करार संपून दुसरा मिळेपर्यंतचं धान्य कोठीत हवं. मी सहा महिन्यांचं धरलं, म्हणजे ९०,०००. हे पैसे बियाण्यासारखे. कितीही अडलं तरी भात करून खायचे नाहीत. तेवढे जमेपर्यंत, किंवा हातात येणार हे नक्की होईपर्यंत, पुढचं पाऊल टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता क्रम. आधी नवा करार दोन्ही बाजूंच्या सहीनिशी हातात घ्यायचा, मगच राजीनामा. तोंडी ‘या तुम्ही, काही काळजी नाही’ यावर एकही कागद पुढे सरकवायचा नाही. सांगणारा प्रामाणिक असला तरी अनुदान अडतं, साहेब बदलतो. करारात पाच गोष्टी शोधा: सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेला मिळणार, नोटीस किती, रजा किती, आणि मुदतवाढीचा निर्णय कधी कळवणार. पाचवी बहुधा नसते. मी हातानं लिहून घेतली: ‘मुदत संपण्यापूर्वी ४५ दिवस कळवावे.’ संस्थेच्या अध्यक्षांनी तिथेच सही केली. मागितल्यावर मिळतं, पण मागायची वेळ सहीच्या आधीची.

राजीनामा चार ओळींचा पुरे. मी असा लिहिला: ‘मी डिस्पॅच विभागातील माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तीपत्रातील अटीनुसार एक महिन्याची नोटीस धरून ३० जून २०२४ हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. त्या दिवशी मला कार्यमुक्त करून अनुभवपत्र व हिशेब द्यावा, ही विनंती.’ तीन वर्षांचा सल त्यात एका शब्दानंही आला नाही. फार लिहावंसं वाटत होतं. एका रात्री दोन पानं लिहिली, सकाळी फाडली. त्या कागदावर काम असतं तारखेचं. रागाचा कागद वेगळा असतो आणि तो वेगळ्या वेळी द्यायचा असतो. ज्यांच्यावर खरोखर अन्याय झाला आहे, पगार थकला आहे किंवा छळ झाला आहे, त्यांनी मात्र गप्प राहून राजीनामा देऊ नये; तक्रार आधी आणि स्वतंत्र करावी. राजीनाम्याची प्रत पोच घेऊन ठेवा, सोबत ई-मेलही करा. तारीख पुढची दिली असेल तर ती उजाडेपर्यंत राजीनामा साधारणपणे मागे घेता येतो, हेही माहीत असू द्या.

नोटिशीचा महिना मन लावून काम करावं. मी रोज संध्याकाळी साठ्याची यादी दोन प्रतींत केली आणि ज्याला कार्यभार दिला त्याची सही घेतली. शेवटच्या दिवशी ‘चार पेट्या कमी आहेत’ असं निघालंच. सह्या केलेल्या याद्या पुढे ठेवल्या आणि विषय तिथेच मिटला.

मग हिशेब. उरलेला पगार, रजेचे पैसे, बोनसचा भाग आणि ग्रॅच्युइटी. नव्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. माझ्या वेळी दीड महिना लागला. ग्रॅच्युइटीला तीस दिवस. तिचं गणित सोपं: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. माझी सेवा नऊ वर्षं पाच महिने; पाच महिने गळाले. १८,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ९ म्हणजे ९३,४६२ रुपये. ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबलो असतो तर दहा वर्षं धरली असती आणि १०,३८५ रुपये जास्त मिळाले असते. पण जुलैत रोवणी सुरू होते आणि संस्थेला माणूस तेव्हाच हवा होता. जाणूनबुजून सोडले ते पैसे. तुम्हाला थांबणं शक्य असेल तर कॅलेंडर बघून थांबा. मिळालेली रक्कम जशीच्या तशी मुदत ठेवीत टाकली. सहा महिन्यांची कोठी तिनं भरली.

पीएफबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक सगळ्यात जास्त इथे चुकतात. नोकरी सुटली की पहिला सल्ला मिळतो ‘पीएफ काढून घे’. काढू नका. मालकाच्या बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. त्यासाठी पगाराची मर्यादा १५,००० असल्यानं महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. त्या योजनेत सेवेची दहा वर्षं भरली की वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शनचा हक्क लागतो. दहा वर्षांच्या आत पेन्शनचे पैसे उचलले की ती सेवा पुसली जाते. मध्ये खंड पडला तरी चालतो. जुनी सेवा पुढच्या नोकरीतल्या सेवेला जोडली जाते. अट एवढीच की यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक, तोच ठेवायचा आणि रक्कम नव्या खात्यात वळती करून घ्यायची. शिवाय पाच वर्षांच्या सेवेआधी काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो. माझ्या मानधनाच्या करारात पीएफ नव्हता, तरी मी खात्याला हात लावला नाही.

हात लावायचा म्हटला असता तरी लागला नसता, कारण माझं नावच जुळत नव्हतं. आपल्या सीमेवरच्या माणसांचं हे हमखास दुखणं. मध्य प्रदेशच्या गुणपत्रिकेवर माझं नाव आणि आडनाव, एवढंच. नागपूरच्या कंपनीनं महाराष्ट्राच्या रीतीनं आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असं लिहिलं. आधारवर तिसराच क्रम. पीएफचं संगणक म्हणतं ही तीन वेगळी माणसं. दुरुस्तीला पुष्कळदा कंपनीची संमती लागते, आणि कंपनी सोडल्यावर ती मिळवायला चपला झिजतात. म्हणून नोटिशीच्या महिन्यातच पीएफच्या सदस्य पोर्टलवर नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि बँक खातं तपासा, तिथे नोकरीवर असेपर्यंत सही मिळते. सोडल्याची तारीख कंपनीनं भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः भरता येते. मध्य प्रदेशात कामाला येत असाल तर समग्र आयडीवरचं, म्हणजे राज्याच्या ओळख क्रमांकावरचं, नावही याच वेळी जुळवून घ्या.

आरोग्य विमा शेवटच्या दिवशी रात्री संपतो, हे कुणी सांगत नाही. नवी पॉलिसी घेतली की जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येतं. कंपनीच्या गट पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. तिचा अर्ज सोडण्याच्या आधी द्यायचा. आईच्या मधुमेहामुळे आम्हाला ही सोय फार उपयोगी पडली. कर्ज घ्यायचंच असेल तर तेही आधी, कारण बँक पगारपत्रकं बघते. मात्र कच्च्या नोकरीवर जाताना नवा हप्ता मागे लावून घेणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

टीडीएसचं थोडक्यात. मानधनातून महिन्याला ३,२०० कापले जात. वर्षाचं उत्पन्न करमर्यादेखाली असलं तरी ते आपोआप परत येत नाहीत. विवरणपत्र भरावं लागतं. जुलै ते मार्च अशा नऊ महिन्यांचे माझे २८,८०० त्या मार्गानं परत आले.

आता अकरा महिन्यांविषयी. हा आकडा बहुधा भाडेकरारावरून उचललेला असतो, किंवा ‘वर्ष भरू द्यायचं नाही’ या हेतूनं घातलेला. सलग सेवेच्या हिशेबात कायदा २४० दिवस काम म्हणजे वर्ष धरतो, त्यामुळे त्या हेतूचा मालकालाही दरवेळी फायदा होत नाही. तुम्ही सरळ बारा महिने मागा. आणि शेवटची तारीख त्या कामाच्या हंगामाशी लावून पाहा. आमच्याकडे जूनमध्ये पऱ्हे टाकतात, जुलैत रोवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, डिसेंबरपासून सरकारी धान खरेदी. ज्याचा करार नोव्हेंबरात संपतो त्याला संस्था सोडत नाही. ज्याचा फेब्रुवारीत संपतो त्याच्या वेळी गोदाम रिकामं असतं. शाळेच्या, साखर कारखान्याच्या, निवडणुकीच्या कामालाही असाच आपला हंगाम असतो.

सरकारी कायम नोकरीतून निघणाऱ्यांनी इथे थांबून दोनदा वाचावं. खासगीत राजीनामा म्हणजे निरोप. सरकारीत राजीनामा म्हणजे मागची सेवा जप्त. महाराष्ट्राच्या १९८२च्या पेन्शन नियमांतला ४६वा नियम हेच सांगतो, मध्य प्रदेशातही तत्त्व हेच आहे. वीस वर्षं झाली असतील तर स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन गोष्टी एक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये पुन्हा बजावलं आहे. दुसऱ्या सरकारी पदावर जात असाल तर अर्ज ‘उचित मार्गे’ पाठवा आणि राजीनामा तांत्रिक असल्याचं आदेशात लिहून घ्या. २००५नंतर लागलेल्यांचं एनपीएस खातं सोबत येतं, पण सेवेची ज्येष्ठता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकानं एकोणीस वर्षं आठ महिने झाले असताना रागाच्या भरात राजीनामा दिला. चार महिने. त्यानंतर त्यांनी किती उंबरे झिजवले ते मी पाहिलं आहे, म्हणून हात जोडून सांगतो: सरकारी नोकरीचा राजीनामा रागात लिहू नका.

कागद सगळे बरोबर असले तरी एक गोष्ट उरते. समाजात नाव ‘पक्की’लाच असतं. लग्नाच्या बैठकीत, दवाखान्याच्या रांगेत, जुन्या मास्तरांसमोर ‘कुठे आहेस?’ या प्रश्नाला उत्तर देताना पहिले काही महिने जीभ अडखळायची. पण रविवारी संध्याकाळी मी अंगणात असायचो, आणि मुलगी गृहपाठाची वही घेऊन येऊन बसायची. आईनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

पहिला करार मे २०२५मध्ये संपला. अध्यक्षांनी कबूल केल्याप्रमाणे पंचेचाळीस दिवस आधी कळवलं. संस्थेत तोवर वीसहून जास्त माणसं झाली होती, त्यामुळे १ जूनपासूनचा दुसरा करार मानधनाचा न राहता ठराविक मुदतीच्या नोकरीचा झाला: बारा महिन्यांचा, पीएफसह. यूएएन तोच. नागपूरची नऊ वर्षं पाच महिने आणि इथले सात महिने मिळून डिसेंबर २०२५अखेर माझी पेन्शनची दहा वर्षं भरली.